ताबा कोणाकडे? हवाई वाहतुकीचे चौकशी-अहवाल वाचताना



आजचा विषय कळल्यावर काहींनी आम्हाला विचारलं, वर्ध्यात प्रवासी विमानतळ नाही, मग विमानांचं काय घेऊन बसलात? याचं उत्तर नकाशावर आहे. घरी गेल्यावर शाळेतला भारताचा नकाशा काढा. फूटपट्टीनं मुंबई ते कोलकाता अशी एक रेघ मारा, दिल्ली ते चेन्नई अशी दुसरी. दोन्ही रेघा एकमेकींना छेदतात त्या आपल्या जिल्ह्यात, साधारण हिंगणघाटच्या आसपास. विमानं काही फूटपट्टीनं उडत नाहीत, त्यांचे मार्ग वळणावळणाचे असतात. तरी देशातली आडवी-उभी वाहतूक आपल्या डोक्यावरून जाते हे खरंच आहे. हवाई नियंत्रणासाठी देशाचं आकाश दिल्ली, मुंबई, कोलकाता आणि चेन्नई अशा चार मोठ्या विभागांत वाटलेलं आहे, आणि नागपूरचं नियंत्रण केंद्र या सगळ्यांच्या मधोमध बसलं आहे. म्हणजे इथे रात्रंदिवस जे काम चालतं, ते मुख्यतः एकाकडून घेणं आणि दुसऱ्याला देणं हेच.

नागपूरला ही सवय जुनी आहे म्हणा. १९४९ च्या जानेवारीत रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास अशा चार ठिकाणांहून विमानं रात्री निघायची, मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरला जमायची, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल व्हायची आणि पहाटेपर्यंत जो तो आपापल्या गावी परत. थैली हातातून हातात जात होती. कोणाची थैली कोणाकडे गेली हे डोळ्यांना दिसत होतं. आज नागपूरच्या आकाशात जी अदलाबदल होते, ती डोळ्यांना दिसत नाही. ती दोन संगणकांत होते, आणि चुकते तेव्हा नेमकं काय चुकलं हे शोधायला चौकशी बसवावी लागते, अहवाल लिहावा लागतो.

आज आम्ही बोलणार आहोत ते या अहवालांबद्दल. अपघातांबद्दल वर्तमानपत्रं बोलतात. अहवालाकडे मात्र लिखाण म्हणून कोणी पाहत नाही. कादंबरीचं परीक्षण होतं, कवितेचं होतं, चौकशी-अहवालाचं का होऊ नये? त्यालाही कथानक असतं, पात्रं असतात, आणि मुख्य म्हणजे कुठून सुरू करायचं नि कुठे थांबायचं हा लेखकाचा निर्णय असतो. आमचा आक्षेप त्या थांबण्याच्या जागेला आहे.

आधी कामाची रीत सांगतो, नाहीतर पुढचं बोलणं अधांतरी राहील. विमान एका केंद्राच्या हद्दीतून दुसऱ्याच्या हद्दीत जातं तेव्हा दोन गोष्टी हलतात. एक माहिती: विमानाचं नाव, मार्ग, उंची, हद्दीवर किती वाजता पोचणार. दुसरी जबाबदारी: या विमानाला आता सूचना कोण देणार, दुसऱ्या विमानापासून दूर कोण ठेवणार. याला हँडओव्हर म्हणतात, आपण ताबा देणं म्हणू. जुनी पद्धत फोनची. पहिल्या केंद्राचा नियंत्रक थेट लाइनवर सांगतो, अमुक विमान, अमुक बिंदूवर, अमुक वाजता, पस्तीस हजार फुटांवर. पलीकडचा ते ऐकून परत म्हणून दाखवतो. हे परत म्हणणं फार महत्त्वाचं, कारण तिथे चूक पकडली जाते. मग पहिला नियंत्रक वैमानिकाला नवी फ्रिक्वेन्सी देतो, वैमानिक ती म्हणून दाखवतो आणि पलीकडच्याला हाक मारतो. नवी पद्धत संगणकाची. विमान हद्दीजवळ आलं की पहिल्या केंद्राचा संगणक दुसऱ्याला संदेश पाठवतो आणि दुसऱ्याकडून स्वीकारल्याचा संदेश येतो. फोनवरचे आकडे ऐकण्यातली चूक टळते, वेळ वाचतो. पद्धत चांगली आहे, याबद्दल आमचा वाद नाही.

आता आठवा आपली रेल्वे. एकेरी मार्ग म्हटला की वर्धेकरांना पुलगाव–आर्वीची छोटी गाडी आठवणार. पण आम्ही सांगतोय ती व्यवस्था मोठ्या लायनींवरही वर्षानुवर्षं होती. दोन स्टेशनांमध्ये जोडलेली दोन यंत्रं, त्यांत लोखंडी गोळे. दोन्हीकडचे स्टेशनमास्तर कबूल झाल्याशिवाय गोळा बाहेर येत नाही, आणि एक बाहेर असताना दुसरा निघत नाही. तो गोळा चामडी पिशवीत, पिशवी रिंगला, आणि रिंग ड्रायव्हरच्या हातात. गोळा हातात असेल तर पुढची लाइन तुमची. इथे माहिती आणि जबाबदारी वेगळ्या नाहीत, दोन्ही एकाच लोखंडात आहेत. विमानाच्या बाबतीत मात्र दोन्ही सुट्या झाल्या. माहिती तारेतून जाते, जबाबदारी नियमाच्या पुस्तकात लिहिलेली असते, आणि दोन्ही एकाच वेळी पोचतील असं आपण धरून चालतो.

पोचत नाहीत तेव्हा काय होतं? २७ नोव्हेंबर २००३ पासून आपल्याकडे एकोणतीस ते एकेचाळीस हजार फुटांच्या पट्ट्यात दोन विमानांमधलं उभं अंतर एक हजार फूट आहे. पूर्वी ते दोन हजार होतं. समजा विमान तेहतीस हजारांवर येणार असं पुढच्या केंद्राला कळवलं. मग मधेच त्याला पस्तीसवर चढवलं आणि बदल कळवायचा राहिला. पुढचं केंद्र पस्तीस हजारांवर दुसरंच विमान सोडून बसलेलं असू शकतं. अशा घटनांची नोंद आंतरराष्ट्रीय पद्धतीनं होते. एक फॉर्म असतो, आणि त्यात कारणांना इंग्रजी अक्षरांची खूण असते. त्यातलं 'ई' म्हणजे केंद्रा-केंद्रांमधल्या ताब्याच्या देवघेवीत माणसामुळे झालेली चूक. 'एफ' म्हणजे त्याच देवघेवीत यंत्र बंद पडल्यामुळे किंवा तांत्रिक कारणानं झालेली चूक. आशियातल्या या नोंदींचं काम बँकॉकची एक संस्था पाहते. तिच्या अहवालांत वर्षानुवर्षं 'ई'चा रकाना सगळ्यांत भरलेला असतो. त्यावर उपाय म्हणून दर वेळी शिफारस येते ती केंद्रांचे संगणक एकमेकांना जोडण्याची.

आम्हाला हा फॉर्म म्हणजे या सगळ्या अहवाल-वाङ्मयाचं बीज वाटतं. त्यात घटना घडण्याआधीच ठरलेलं आहे की कारण एक तर माणूस, नाहीतर यंत्र. भरणाऱ्यानं एक अक्षर निवडायचं. पण जरा खोलात जा. संगणकाचा संदेश पलीकडे पोचला, तिथल्या फ्लाइट प्लॅनशी जुळला नाही, म्हणून नकाराचा संदेश परत आला. तो पडद्याच्या कोपऱ्यात इतर वीस संदेशांच्या रांगेत पडून राहिला, आणि नियंत्रक तेव्हा दुसऱ्या विमानाशी बोलत होता. हे 'ई' की 'एफ'? यंत्रानं आपलं काम चोख केलं. माणसानंही केलं. रांगेत किती संदेश दिसावेत, कोणता लाल व्हावा, एका माणसाकडे किती विमानं असावीत, हे तिसऱ्याच कोणीतरी, कुठल्यातरी बैठकीत ठरवलं होतं. त्या तिसऱ्यासाठी या दोन रकान्यांत जागा नाही. संगणक जोडले की 'ई'चे आकडे उतरतील, हे आम्हालाही मान्य. त्यातले काही पाय न वाजवता 'एफ'मध्ये जाऊन बसतील, एवढंच आमचं म्हणणं.

हे तपासायला आम्ही तीन लिखाणं घेतली. पहिलं जर्मन. १ जुलै २००२ च्या रात्री जर्मनीत, स्वित्झर्लंडच्या सीमेजवळ, युबरलिंगेन गावावर दोन विमानं धडकली. एक रशियन तुपोलेव्ह, त्यात बहुतेक शाळकरी मुलं. दुसरं मालवाहू बोइंग, त्यात दोन वैमानिक. ७१ जण गेले. आकाश जर्मनीचं, नियंत्रण मात्र झुरिकच्या स्विस कंपनीकडे. झुरिकमध्ये त्या वेळी एकच नियंत्रक दोन जागा सांभाळत होता. दुसरा विश्रांतीला गेला होता, आणि ही पद्धत तिथे वर्षानुवर्षं चालवून घेतली जात होती. देखभालीसाठी मुख्य रडार-यंत्रणा कमी क्षमतेवर होती, त्यामुळे टक्कर होऊ घातल्याचा इशारा पडद्यावर दिसणार नव्हता. मुख्य फोनही बंद, आणि पर्यायी फोन चालेना.

आणि आता लक्ष द्या. हा माणूस त्या शेवटच्या मिनिटांत करत काय होता? उशिरा आलेलं एक तिसरंच विमान फ्रीडरिक्सहाफेनला उतरायचं होतं, आणि त्याचा ताबा तिथल्या टॉवरला द्यायला तो फोन लावत होता. लागत नव्हता, म्हणून पुन्हा लावत होता. म्हणजे अपघात झाला दोन विमानांचा, पण नियंत्रकाचं लक्ष खाल्लं ते तिसऱ्याच्या हँडओव्हरनं. शेजारच्या कार्ल्सरूह केंद्राच्या पडद्यावर इशारा दोन मिनिटं आधी आला होता. तिथला नियंत्रक झुरिकला फोन करत राहिला. लाइन मिळाली नाही. झुरिकनं तुपोलेव्हला खाली उतरायला सांगितलं तेव्हा टक्करीला पाऊण मिनिटही उरलं नव्हतं. विमानातलं स्वयंचलित यंत्र त्याच क्षणी वर चढा म्हणत होतं, आणि वैमानिकांनी माणसाचं ऐकलं.

मे २००४ मध्ये आलेला जर्मन तपास-विभागाचा अहवाल आम्ही या प्रकारातलं सर्वोत्तम लिखाण मानतो. तो तात्कालिक कारणं सांगतो: नियंत्रकाला धोका वेळेत दिसला नाही, वैमानिकांनी यंत्राच्या विरुद्ध उतरण सुरू ठेवली. इथे थांबणं सोपं होतं. तो थांबत नाही. पुढच्याच यादीत व्यवस्थेची कारणं येतात: रात्री प्रत्येक जागी माणूस असेल हे व्यवस्थापनानं पाहिलं नाही, एकट्यानं काम करणं खपवून घेतलं, आणि इशारा देणाऱ्या यंत्राबद्दलचे आंतरराष्ट्रीय नियमच एकमेकांशी जुळत नव्हते. त्या दोन रकान्यांबाहेरचा तिसरा माणूस इथे शेवटी पानावर येतो. पण अहवाल यायच्या तीन महिने आधी, फेब्रुवारी २००४ मध्ये, त्या नियंत्रकाचा त्याच्या घराच्या दारात खून झाला. मारणाऱ्याची बायको आणि दोन मुलं त्या तुपोलेव्हमध्ये होती. कारण कोण, याचं उत्तर त्याच्यापर्यंत एका माणसाच्या रूपात पोचलं होतं. २००७ मध्ये स्विस न्यायालयानं कंपनीच्या चार व्यवस्थापकांना दोषी ठरवलं. तोवर उशीर झाला होता.

यात एक कायद्याची गंमत आहे. गंमत म्हणणं बरं नाही, पण आहे खरी. २००६ मध्ये कॉन्स्टान्झच्या न्यायालयानं म्हटलं की जबाबदारी जर्मनीची, कारण आपलं आकाश परक्या कंपनीला सांभाळायला देताना जर्मनीनं कायदेशीर करारच केला नव्हता. वर्षानुवर्षं रोज विमानांचा ताबा दिला-घेतला जात होता, पण मूळ ताबाच कागदावर दिलेला नव्हता!

दुसरं लिखाण ब्रिटिश, आणि इथे सुदैवानं कोणी मेलं नाही. २८ ऑगस्ट २०२३, सुट्टीचा सोमवार. लॉस एंजेलिसहून पॅरिसला जाणाऱ्या एका विमानाचा फ्लाइट प्लॅन युरोपच्या मध्यवर्ती संगणकानं आपल्या रूपात बदलून ब्रिटनच्या संगणकाला दिला. त्यात 'डीव्हीएल' नावाचे दोन बिंदू होते, एक अमेरिकेत नॉर्थ डाकोटात, दुसरा फ्रान्समध्ये दोव्हिलला. ब्रिटिश संगणकाला एवढंच शोधायचं होतं की विमान आपल्या आकाशात कुठे शिरतं आणि कुठून बाहेर पडतं. बाहेर पडायचा बिंदू म्हणून त्यानं अमेरिकेतला उचलला. आत यायच्या आधीच बाहेर पडणारं विमान! असलं काही त्याला शिकवलेलं नव्हतं, म्हणून चुकीचा आकडा नियंत्रकाला देण्यापेक्षा तो बंद पडला. जोडीच्या संगणकानं तोच प्लॅन घेतला, त्यातही तोच प्रोग्राम, तोही बंद. सगळं मिळून वीस सेकंद. त्यानंतर प्लॅन हातानं भरावे लागले, वाहतूक आवळावी लागली, आणि सात लाखांहून जास्त प्रवाशांचे हाल झाले.

नियंत्रण कंपनीनं आपला प्राथमिक अहवाल काही दिवसांतच दिला, हे तिच्या बाजूनं सांगायला हवं. तो नीट लिहिलेला आहे, आणि तीच त्याची अडचण आहे. त्याचा सूर असा, की या यंत्रणेनं दीड कोटीहून अधिक प्लॅन सुरळीत हाताळले आणि हा एक विचित्र निघाला. यंत्रणा सुरक्षिततेसाठी बंद पडली, म्हणजे ठरल्याप्रमाणेच वागली. वाक्यं खरी आहेत. पण दीड कोटी ही संख्या तिथे वाचकाला धीर द्यायला ठेवली आहे, काही समजावून द्यायला नाही. एकाच नावाचे दोन बिंदू जगात आहेत हे सगळ्यांना ठाऊक होतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये स्वतंत्र समितीचा अंतिम अहवाल आला, तो जास्त खडबडीत आहे आणि जास्त कामाचा. त्यात कळतं की सुट्टीमुळे ज्याच्या हाती पुढची दुरुस्ती होती तो इंजिनिअर घरी होता, घरून जमेना म्हणून त्याला कचेरी गाठायला दीड तास लागला, आणि यंत्रणा बनवणाऱ्या कंपनीला चार तास उलटेपर्यंत फोनच गेला नाही. म्हणजे पहिला हँडओव्हर चुकला संगणका-संगणकात, वीस सेकंदांत. पुढचे चुकले माणसा-माणसांत, तासन्‌तास. पहिल्या अहवालाच्या मध्यभागी ते वीस सेकंद होते. दुसऱ्यानं ते तास मोजले.

तिसरं लिखाण आपलं. लिखाण म्हणायचं का, हा प्रश्नच आहे. ६ नोव्हेंबर २०२५ ला दिल्ली विमानतळावर फ्लाइट प्लॅनचे संदेश वाहून नेणारी यंत्रणा बिघडली. प्लॅन नियंत्रकांच्या पडद्यावर आपोआप येईनात, ते हातानं भरावे लागले, आणि दुसऱ्या दिवशी आठशेहून अधिक उड्डाणं रखडली. त्यावर जी निवेदनं आली ती आपल्या ओळखीची आहेत. तांत्रिक अडचण आली, यंत्रणा पुरवणाऱ्यांना बोलावलं, जादा माणसं लावली, यंत्रणा सुरळीत झाली, गैरसोयीबद्दल खेद. कर्ता कुठे आहे? मराठीत भावे प्रयोग असतो, तो शिकवायला हे निवेदन पाठ्यपुस्तकात घालावं. आणि नियंत्रकांची संघटना म्हणत होती की यंत्रणा मंदावत असल्याचं आम्ही काही महिने आधीच कळवलं होतं. हे खरं असेल तर तोही एक हँडओव्हरच आहे. माहिती खालून वर गेली, जबाबदारी मात्र वर कोणी स्वीकारली नाही. लोखंडी गोळा दिला, पण पलीकडच्यानं हात पुढे केला नाही. या संदेशाला फ्लाइट प्लॅनसारखी 'स्वीकारला' किंवा 'नाकारला' अशी पावती नसते.

कोणी म्हणेल, आपल्याकडे गंभीर अहवाल लिहिलेच जात नाहीत का? जातात. १२ नोव्हेंबर १९९६ ला चरखी दादरीवर सौदी आणि कझाक विमानं धडकली, ३४९ माणसं गेली, आणि न्यायमूर्ती लाहोटींच्या आयोगानं तपास केला. दोष कझाक विमानाच्या कर्मचाऱ्यांकडे गेला, कारण ते दिलेल्या उंचीच्या खाली आले होते. पण त्यापाठोपाठ दिल्लीत उंची दाखवणारं रडार आलं, येण्या-जाण्याचे मार्ग वेगळे झाले, धडक टाळणारं यंत्र विमानांत सक्तीचं झालं. दोष एका ठिकाणी लिहिला आणि दुरुस्ती दुसऱ्या ठिकाणी केली. दुरुस्तीच जास्त प्रामाणिक होती असं आमचं मत आहे. फक्त त्यासाठी ३४९ माणसांची वाट पाहावी लागली. दिल्लीच्या नोव्हेंबरात कोणी मेलं नाही, म्हणून आयोग नाही. आणि आयोग नाही म्हणून निवेदनावर भागलं.

आमची मागणी लहान आहे, आणि ती नागपूरला लागू होते तशी कुठल्याही केंद्राला. ताब्याच्या देवघेवीतली चूक एका केंद्राच्या फॉर्मवर लिहू नका. दोन्ही केंद्रांनी एकाच कागदावर लिहावी, फोनवर आकडे म्हणून दाखवतात तशी: आम्ही काय पाठवलं, तुमच्या पडद्यावर काय आलं, तुमच्याकडे तेव्हा किती विमानं होती, किती माणसं होती, आणि ही संख्या कोणी ठरवली. शेवटच्या प्रश्नाला 'ई' किंवा 'एफ' असं उत्तर देता येणार नाही, तिथे पदनाम लिहावं लागेल. आणि माणसं मेली नसली तरी हा कागद लोकांना वाचायला मिळावा. ब्रिटनमध्ये तो मिळाला, म्हणून आम्ही वर्ध्यात बसून त्यातली उणी-दुणी काढू शकलो.

वेळ झाली आहे. मागे ते रेल्वेतले गृहस्थ मघापासून हात वर करून आहेत. गोळ्याबद्दल आम्ही काही कमीजास्त बोललो असू, तर त्यांच्यापासूनच सुरुवात करू.